तैवानमधली 'आठ अधिक नऊ' पोरं: देवाच्या पथकाच्या नावावरून पडलेली शिवी

ताइनानकर

तैवानमधल्या कुठल्याही ऑनलाइन चर्चेत जरा वेळ घालवला की 8+9 असं लिहिलेलं हमखास दिसतं. गणित नाहीये ते, शिवी आहे. अंगावर टॅटू, सायलेन्सर बदललेली स्कूटर, पायात स्लिपर, तोंडात सुपारी, शिक्षण अर्धवट सोडलेलं, असा पोरगा दिसला की तो 8+9. कुठे मारामारीचा व्हिडिओ आला किंवा रात्री कोणी गल्लीतून गाडी पळवली की खाली पहिल्या चार कॉमेंटमधे हा शब्द असतोच, आणि आता तर शाळेतली पोरंपण एकमेकांना चिडवायला वापरतात. इथे राहणारी आपली मंडळी, शिंचूतल्या कॉम्प्युटर चिपच्या कंपन्यांतले असोत नाहीतर ताइनानला पीएचडी करणारे, तीही ऐकून ऐकून हा शब्द बोलायला लागलीयत म्हणून हा धागा काढतोय.

मूळ शब्द बाज्याज्यांग, म्हणजे आठ सेनापती. देवळाच्या मिरवणुकीत देवाच्या पालखीपुढे चालणारं पथक. तैवानी बोलीत त्याचा उच्चार पाट-का-च्योंगच्या जवळ जातो, मँडरिन म्हणजे सरकारी चिनी बोलणाऱ्यांनी तो चेष्टेने वाकडा केला, आणि मँडरिनमधे आठ अधिक नऊ म्हणजे 'बा ज्या ज्यो' साधारण तसंच ऐकू येतं म्हणून आकडे आले. शब्दाची गोष्ट एवढीच. मला खरं सांगायचंय ते पथकाबद्दल आणि त्यातल्या पोरांबद्दल, कारण शिवी देणाऱ्यातल्या बहुतेकांनी ते पथक नीट थांबून बघितलेलं नसतं.

ही परंपरा चीनच्या फुज्यान प्रांतातल्या फुझौ शहरातून छिंग राजवटीतल्या सैनिकांबरोबर ताइनानला आली, बाइलोंगआन नावाच्या देवळात. तिथले देव पाच आहेत, साथीच्या रोगांचे देव. कथा अशी सांगतात की पाच विद्यार्थ्यांना कळलं की रोगाची भुतं गावच्या विहिरीत विष टाकणारेत, लोकांना सांगून कोणी ऐकेना तेव्हा त्यांनी स्वतःच विहिरीत उड्या टाकल्या, म्हणजे प्रेतं बघून तरी कोणी ते पाणी पिणार नाही. तर अशा देवांचे हे रखवालदार. साथीची भुतं पकडायची, त्यांची चौकशी करायची, शिक्षा द्यायची हे त्यांचं काम. म्हणजे ते चालतं-फिरतं पोलीस ठाणं आणि कोर्टच आहे. सगळ्यात पुढे शिक्षेची हत्यारं खांद्यावर टांगलेला माणूस, मग हुकूम घेऊन जाणारे दोन जासूद, मग मारायच्या पट्ट्या घेतलेले गान आणि ल्यो नावाचे दोघं, भुतं पकडणारे श्ये आणि फान, आणि त्यांच्यामागे चौकशी करणारे चार ऋतू. हिवाळ्याच्या हातात साप असतो, उन्हाळ्याच्या हातात निखाऱ्याचं भांडं. नाव आठ सेनापती असलं तरी पथकात कधी दहा, कधी तेरा जण असतात.

श्ये आणि फानची गोष्ट मला फार आवडते. दोघं जिवलग मित्र. पुलाखाली भेटायचं ठरलं, श्येला उशीर झाला, पाऊस आला, नदी चढली, बुटका फान दिला शब्द मोडायचा नाही म्हणून तिथेच थांबला आणि बुडाला. श्ये आला, बघितलं, आणि त्याने गळफास घेतला. म्हणून फानचा चेहरा काळा आणि उंच श्येची जीभ बाहेर. मिरवणुकीत हे दोघं समोरून येतात तेव्हा म्हाताऱ्या बायका हात जोडतात. आणि ती रूपं घेणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची असतात, तीच पोरं दुसऱ्या दिवशी स्कूटरवर दिसली की लोक त्यांना 8+9 म्हणतात.

मृगजळ

छान लिहिलंय, एका दमात वाचलं. एक प्रश्न, ही पोरं देवळाकडे वळतात कशी? म्हणजे घरचे पाठवतात का पिढीजात असतं का पैसे मिळतात? आणि रंग लावल्यावर काही नियम असतात का, कुठेतरी वाचलं होतं की बोलायचं नसतं म्हणून.

निळी_छत्री

मी ताइचुंगमधे बरीच वर्षं राहिलेय, नवऱ्याची नोकरी तिथे होती. ताइनानकर, तुमचा लेख मनापासून आवडला पण दुसरी बाजूपण लिहायला हवी असं वाटतं. लोक उगीच घाबरत नाहीत. ताज्या नावाच्या गावाची माझू देवीची यात्रा, नऊ दिवस आठ रात्री, तीनशे किलोमीटरच्या वर चालत जातात, ती चांगहुआतून जाते तेव्हा पालखी कोणी धरायची यावरून दरवेळी पोरांचे गट भिडतात, रेटारेटी, ठोसे, पोलीस साखळी करून उभे. हे टीव्हीवर लाइव्ह दिसतं. काही देवळांच्या मागे गुंडांच्या टोळ्या आहेत हे तैवानात शेंबड्या पोराला माहितीये. पथकात आलेल्या पोरांना हळूहळू टोळीत ओढणं, केटामिन नावाचं ड्रग विकायला लावणं, हल्ली तर फोनवरून फसवणाऱ्या टोळ्यांसाठी एटीएममधून पैसे काढून आणायला पाठवणं, हे सगळं होतं. पकडला जातो तो पैसे काढणारा पोरगा, वरचा माणूस कधीच सापडत नाही. 2022 मधे नोकरीच्या आमिषाने कितीतरी तैवानी तरुणांना कंबोडियात नेऊन डांबलं होतं, त्या बातम्या इथे महिनोन्‌महिने चालल्या. ज्या आईचा मुलगा अशात अडकला तिला परंपरा किती थोर आहे हे सांगून काय उपयोग.

ताइनानकर

निळी छत्री, तुम्ही लिहिलेलं सगळं खरंय आणि मी ते नाकारत नाही. पण बघा, तुमच्याच वाक्यात आहे की पकडला जातो तो पोरगा आणि वरचा सापडत नाही. शिवीसुद्धा त्या पोरालाच मिळते. टोळी चालवणारा पन्नाशीचा सुटातला माणूस, देवळाच्या कमिटीवर बसलेला, त्याला कोणी 8+9 म्हणताना मी ऐकलेलं नाही. माझा राग त्याच्यावर आहे.

मृगजळ, नियमांबद्दल. जुन्या पद्धतीच्या पथकात मिरवणुकीच्या काही दिवस आधीपासून मांसाहार बंद, ब्रह्मचर्य पाळायचं. चेहरा रंगला की तो माणूस राहत नाही, देवाचा अधिकारी होतो, मग हसायचं नाही, गप्पा नाहीत, मोबाइल नाही, इकडेतिकडे बसायचं नाही. मेच्या उन्हात डांबरी रस्त्यावर गवताच्या चपला घालून सप्तर्षींच्या आकृतीत पावलं टाकत तासन्‌तास चालायचं, आजूबाजूला फटाक्यांचा धूर एवढा की पुढचा माणूस दिसत नाही. ही शिस्त सगळीकडे पाळली जात नाही हेही खरंच. भाड्याने घेतलेली पथकं असतात, आज या देवळाला, उद्या त्या, तिथे रंगवलेल्या तोंडाने सिगरेट ओढणारी पोरं दिसतात आणि जुन्या पथकांचे म्हातारे उस्ताद त्यावर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त चिडतात.

आता पोरं येतात कशी. तैवानात नोंदणी झालेलीच देवळं 12,000 च्या वर आहेत, म्हणजे कुठल्याही गल्लीतून चालत पाच-दहा मिनिटांवर एक असणारच. आणि शाळा कशी आहे तर परीक्षेवर चालणारी. पूर्वी नववीपर्यंतच्या शाळांत हुशार पोरांचा वेगळा वर्ग आणि उरलेल्यांचा वेगळा, त्या उरलेल्यांच्या वर्गाला लोक 'गुरं चारायचा वर्ग' म्हणायचे, म्हणजे मास्तर शिकवतच नाहीत, मोकळं सोडतात. तशी विभागणी आता करता येत नाही, 2014 पासून बारा वर्षांचं शिक्षण आलं, पण नववीनंतरच्या परीक्षेत मार्क कमी पडले की धंदेशिक्षणाच्या शाळेत आणि तिथे गेलास म्हणजे संपलास ही नजर गेलेली नाही. आईबाप फॅक्टरीत शिफ्टला, नाहीतर वेगळे झालेले, पोरगा आजीकडे. संध्याकाळी पाच वाजता त्या पोराला 'आलास का, जेवलास का' असं विचारणारी जागा गावात एकच असते, देऊळ. तिथे मोठी पोरं असतात, ढोल असतो, रात्रीचं जेवण असतं, मिरवणुकीचे थोडे पैसे मिळतात आणि मुख्य म्हणजे तिथे तो काहीतरी चांगलं करू शकतो. वर्गात शेवटच्या बाकावरचा पोरगा तिथे फान सेनापती होतो. हे मी आमच्या भागातल्या देवळाच्या आवारात स्वतः बघतोय, कल्पनेने लिहित नाहीये.

जुनी_वही

ह्या धाग्यात 'ताइख' शब्दाचा उल्लेख आलाच पाहिजे, नाहीतर चित्र अर्धं राहील.

8+9 नेटवर गेल्या दहा-पंधरा वर्षांत पसरला. त्याच्या आधी हीच जागा ताइखची होती. 1949 ला च्यांग काय-शेकचं सरकार हरून तैवानात आलं, बरोबर मुख्य भूमीवरून दहा लाखांच्या वर माणसं आली, सैनिक आणि कुटुंबं. त्यांच्या वसाहतीतली पोरं आणि आधीपासून तिथे असलेली तैवानी पोरं यांच्यात गल्लीगल्लीत भांडणं. ताइख ही वसाहतीतल्या पोरांनी तैवानी पोरांना दिलेली शिवी, म्हणजे गावंढळ, मँडरिन धड न बोलणारा, कपड्यांची अक्कल नसलेला. ह्याच्यामागे सरकारचा जोर होता हे विसरू नये. शाळेत मँडरिनच बोलायची सक्ती होती, तैवानी बोलताना सापडलं की दंड, मार, नाहीतर गळ्यात पाटी. मार्शल लॉ 1987 पर्यंत चालला, अडतीस वर्षं. त्या काळात घरची भाषा, देऊळ, मिरवणूक, कोपऱ्यावरचं सुपारीचं दुकान हे सगळं खालच्या दर्जाचं आणि मँडरिन, पियानो, ताइपेई वरच्या दर्जाचं, अशी सरळ वाटणी दोन पिढ्यांच्या डोक्यात बसवली गेली.

मग लोकशाही आली आणि हवा फिरली. चियायीकडचा वू बाय हा रॉक गायक तैवानी उच्चारात, तैवानी भाषेत गायला लागला आणि लाखो लोक त्याच्यावर वेडे झाले. 2005 मधे तर ताइख रॉक नावानेच मोठा कार्यक्रम झाला. निळ्या-पांढऱ्या रबरी स्लिपर फॅशन म्हणून विकायला लागल्या. युनिव्हर्सिटीतली पोरं आनंदाने स्वतःला ताइख म्हणवून घ्यायला लागली. ज्या काळात सगळे म्हणत होते की शिवीचा अभिमान झाला, त्याच काळात त्या कपड्यात, त्या भाषेत खरोखर वाढलेला गरीब पोरगा जिथे होता तिथेच राहिला आणि थोड्याच वर्षांत त्याच्यासाठी नवी शिवी तयार झाली. फरक एवढाच की ताइखमधे तू कुठून आलास यावरून हिणवणं होतं आणि 8+9 मधे बरेचदा हिणवणारा आणि ऐकणारा दोघंही तैवानी, दोघांच्या आज्या एकाच देवळात जाणाऱ्या. म्हणजे आता भाग गरीब-श्रीमंत वर्गाचा आहे, मार्कांचा आहे.

ताइनानकर

जुनी वही, हे फार नेमकं लिहिलंत. ह्यात अजून एक भर घालतो. 1915 ला जपान्यांविरुद्ध जो मोठा उठाव झाला, यू छिंगफांगचा, तो ताइनानच्या शीलाइआन देवळातून उभा राहिला. तिथलेही देव हेच, साथीचे पाच देव. उठाव चिरडला, 866 जणांना फाशीची शिक्षा सुनावली, पुढे बऱ्याच जणांची माफ झाली पण सुमारे शंभर माणसं फासावर गेलीच, आणि देऊळ पाडून टाकलं. शाळेत तैवानी पोरं हा उठाव अभिमानाने शिकतात. ज्या देवांच्या नावावर तो उठाव झाला त्यांच्याच रखवालदारांच्या पथकाचं नाव आज गुंड या अर्थाने वापरलं जातं, आणि हे शाळेत कोणी जोडून सांगत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

सातारचा_शिलेदार

वाचताना सारखं आपलं 'छपरी' आठवत होतं. गेल्या काही वर्षात इन्स्टावर ज्याला त्याला छपरी. केस रंगवले छपरी, स्पोर्ट्स बाइक छपरी, गावाकडचा रील बनवणारा पोरगा तर छपरीच. आणि छप्परबंद नावाचा समाज आपल्याकडे आहे, महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत त्यांचं नाव आहे, घरांची छपरं शाकारायचं काम करणारी माणसं. ह्या शब्दाचा संबंध त्यांच्याशी जोडला जातो आणि त्यावरून तो वापरू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंयही. तरी शहरातली चांगल्या घरातली पोरं बिनधास्त वापरतात, वर म्हणतात की आम्ही जातीवरून नाही, वागण्यावरून म्हणतो. तैवानमधेपण हेच उत्तर मिळतं का?

ताइनानकर

अगदी हेच. "आम्ही खऱ्या पथकवाल्यांना म्हणत नाही, त्यांचा आदरच आहे, आम्ही फालतू पोरांना म्हणतो." मग मी विचारतो की रस्त्यावर बघून कसं ओळखता खरा कोण आणि फालतू कोण, तर उत्तर असतं कपडे, केस, स्कूटर, भाषा. म्हणजे वागणं कुठे आलं त्यात? सव्वादोन कोटींच्या वर लोकसंख्येच्या देशात दीड कोटीच्या आसपास स्कूटरी आहेत, सगळेच स्कूटर चालवतात. यामाहाच्या एका ठराविक मॉडेलला दिवे आणि मोठा सायलेन्सर लावला की मात्र माणूस गुंड.

केतकी_बन

मुलींबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. मी काओश्युंगला भाषा शिकायला होते. तिथे 8+9 च्या जोडीला 'मेइ' लावून, म्हणजे धाकटी बहीण, मुलींसाठी वेगळा शब्द आहे आणि तो मला मुलांच्या शब्दापेक्षा वाईट वाटतो कारण त्यात सरळ चारित्र्यावर येतात. लवकर आई झालेली, खोट्या पापण्या, स्कूटरच्या मागच्या सीटवरची, आणि "पोरानेच पोर जन्माला घातलं" हे ठरलेलं वाक्य. जुन्या पद्धतीच्या पथकात तर मुलींना सेनापती म्हणून घेतही नाहीत, म्हणजे ज्या पथकावरून शिवी आली त्यात तिला उभं राहायला जागा नाही पण शिवी मात्र मिळते. माझ्या वर्गमैत्रिणीची बहीण एकोणिसाव्या वर्षी आई झाली, नाइट मार्केटमधे स्टॉल चालवून बाळ सांभाळते, संध्याकाळी चारला कणीक मळायला उभी राहते ती रात्री एकपर्यंत. तिच्या फोटोखाली अनोळखी लोक येऊन हा शब्द लिहून जायचे. तिने काय वाईट केलं होतं कोणाचं? मला तेव्हापासून तो शब्द सहन होत नाही.

मृगजळ

केतकी, +1. वाचून कसंतरी झालं.

जुनी वही आणि ताइनानकर, मग ह्यातून बाहेर काढणारं तिथे कोणी काही करतंय का?

निळी_छत्री

ह्याचं उत्तर मी देते कारण ताइचुंगचं उदाहरण आहे. च्योथ्येन नावाचं पथक आहे, 1995 च्या सुमारास सुरू झालं, ढोल आणि मिरवणुकीच्या कला. शू चेनरोंग म्हणून त्यांचे प्रमुख. शाळा सोडलेली, घरातून पळालेली पोरं ते गोळा करतात, पण अट अशी की पथकात राहायचं तर शाळेत परत जायचं. त्यातली बरीच पोरं पुढे कॉलेजपर्यंत गेली. ह्या पोरांनी तिसऱ्या राजकुमार देवाची मोठी मूर्ती पाठीवर घेऊन सहारा वाळवंटातली मॅरेथॉन पूर्ण केली. 2012 मधे त्यांच्या गोष्टीवर सिनेमा आला, तैवानात प्रचंड चालला. माझ्या शेजारच्या आजोबांनी दोनदा बघितला आणि मग स्वतःच्या नातवाला ढोल शिकायला पाठवलं, तोवर ते त्याला दारातसुद्धा ढोल वाजवू देत नव्हते.

मी वर टोळ्यांबद्दल लिहिलं ते कायम आहे. पण च्योथ्येन चाललं याचा अर्थ पोरात खोट नाही, त्याला कोण हाताशी धरतं त्यावर सगळं आहे, हे ताइनानकरांचं म्हणणं मला पटतं.

जुनी_वही

आणि तिसऱ्या राजकुमाराचंच बघा. 2009 च्या काओश्युंगमधल्या वर्ल्ड गेम्सच्या उद्घाटनाला ते भलेमोठे बाहुलेदेव, पांढरे हातमोजे घालून, स्कूटरवर बसून टेक्नो संगीतावर नाचत मैदानात आले, सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून परदेशात तैवानची ओळख म्हणून त्यांना नाचवतात. त्या बाहुल्याच्या आत घाम गाळणारा पोरगा आणि 8+9 म्हणून ज्याला हिणवतात तो पोरगा बहुतेक वेळा एकाच देवळाच्या आवारात सराव करून आलेला असतो. बाहुला असतो तेव्हा चेहरा झाकलेला असतो म्हणून तो चालतो. सरकारला मिरवणूक हवी, पर्यटन हवं, मग ती करणाऱ्या पोरांच्या शाळेची, कामाची, विम्याची जबाबदारीपण घ्यायला हवी. फटाक्याने भाजलेल्या पोराचं दवाखान्याचं बिल कोण भरतं हा प्रश्न मी तिथल्या चर्चांत फार क्वचित वाचलाय.

सातारचा_शिलेदार

फारच माहितीपूर्ण धागा. पुढच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी ताइपेईला जायचं चाललंय. हे पथक बघायचं असेल तर कुठे, कधी? आणि बघताना काय पाळायचं?

ताइनानकर

नक्की बघा. ताइपेईजवळ असाल तर शिनच्वांगचं दीझांगआन देऊळ गाठा, चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्याच्या पहिल्या तिथीला तिथली मोठी मिरवणूक असते. तिथे बाज्याज्यांग नाही, ग्वानज्यांगशो नावाचे वेगळे रखवालदार असतात, त्यांच्यापैकी एक लाल आणि एक हिरवा चेहरा, तोंडाबाहेर सुळे, चालणं जास्त जोरकस. हा प्रकार त्याच देवळातला आहे, दोन्ही एकच समजू नका, तिथल्या लोकांना ते आवडत नाही. जुन्या पद्धतीचं बाज्याज्यांग बघायचं तर ताइनान नाहीतर चियायी, तिसऱ्या चांद्र महिन्यात कुठल्याही शनिवार-रविवारी गल्लीतून ढोल ऐकू येईल, आवाजाच्या मागे चालत जा. तारीख कळवलीत तर मी येतो बरोबर.

पाळायचं म्हणाल तर पथकाच्या रांगेतून आडवं जायचं नाही. रंगवलेल्या पोराशी बोलायचं नाही, त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो मागायचा नाही, त्याच्या हातातल्या वस्तूला हात लावायचा नाही. फोटो लांबून काढलात तर कोणी काही म्हणत नाही. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, फटाक्यांच्या ठिणग्या उडतात, नायलॉन नको. मिरवणूक संपल्यावर चेहरे धुऊन पोरं देवळाच्या मागे जेवायला बसतात, तिथे तुम्हालाही बसवतील, भाताचा वाडगा हातात देतील. तेव्हा बोला त्यांच्याशी, कुठल्या सेनापतीचं काम करतोस, पावलं कोणी शिकवली ते विचारा. मोडक्या मँडरिनमधे विचारलंत तरी चालेल, ते पोरगं उठून करून दाखवतं.